शेवटचं कडवं कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत आताच्या गाण्यांमधले शब्द मेले अशा अर्थाचा एक मोठा लेख होता, आणि त्यावर या आठवड्यात वाचकांची पत्रंही आली. सगळ्यांचा सूर एकच, जुनं ते सोनं, आताची पोरं काहीही ऐकतात, त्यांना चांगल्या-वाईटाची पारखच नाही. लेख मी दोनदा वाचला. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे, मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. लेखात एकूण अकरा गाण्यांची उदाहरणं दिलीयेत. अकराही ठिकाणी गाणाऱ्याचं नाव आहे, चार-पाच ठिकाणी संगीतकाराचं पण आहे. गीतकाराचं नाव एकाही ठिकाणी नाही. विषय काय, तर गाण्यातले शब्द, आणि ते शब्द ज्याने लिहिले तोच माणूस लेखातून गायब.

मी जळगावचा. १९८४ ते २००१ अशी सतरा वर्षं माझं इथे कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं म्हणून सांगतो, तेव्हा लोक एका चिठ्ठीवर आपल्या आवडीची गाणी लिहून आणायचे, सोबत कोरी कॅसेट आणायची नाहीतर माझ्याकडूनच घ्यायची, साठ मिनिटांची किंवा नव्वदची, आणि मी माझ्याकडच्या रेकॉर्डी आणि कॅसेटी लावून ती गाणी त्याच क्रमाने भरून द्यायचो. दोन-तीन दिवसांनी येऊन घेऊन जायचं. कायद्याच्या हिशोबाने हे बरोबर नव्हतं, तेव्हा गावोगावी असंच चालायचं आणि मीही कधी विचार केला नाही. पण मी भरलेल्या त्या एवढ्या कॅसेटींमधून गाणं लिहिणाऱ्याच्या घरी एक पैसा गेला नाही हे मला आज नीट कळतं, आणि हे पत्र लिहायला तेही एक कारण आहे.

त्या चिठ्ठ्या मी बऱ्याच वर्षांच्या जपून ठेवल्यात. वह्यांची पानं, लग्नपत्रिकेची मागची बाजू, एसटीच्या तिकिटाच्या मागे लिहिलेलं एकच गाणं, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा. अख्ख्या गावाची आवड माझ्याकडे अशी गठ्ठ्याने आहे. आणि सतरा वर्षं चिठ्ठ्या वाचून मला जे कळलं ते असं, की माणसाला गाणं आवडतं ते अख्खं नाही आवडत. त्यातल्या एखाद्या शब्दाला धरून आवडतं. गिऱ्हाईक दुकानात आलं की पुष्कळदा त्याला गाण्याची पहिली ओळ माहीत नसायची, पिक्चर माहीत नसायचा, काहीच नाही, तो म्हणायचा, "भाऊ ते नाही का, ज्यात उंबऱ्याचं काहीतरी येतं." किंवा "ते, चुलीवालं." मग मी डोकं खाजवून शोधायचो, दोन-तीन लावून दाखवायचो, आणि बरोबर गाणं लागून तो एक शब्द आला की त्याचा चेहरा पाहायचा. बाकीचे शब्द त्या एका शब्दाला घेऊन येतात आणि पोचवून जातात, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

एक उदाहरण सांगतो. शनिपेठेत एक बाई शिवणक्लास चालवायच्या, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. त्यांची चिठ्ठी आली, साठची कॅसेट, आणि एका बाजूला एकच गाणं तीनदा लिहिलेलं, 'रेशमाच्या रेघांनी'. मला वाटलं चुकून लिहिलं असेल. विचारलं तर म्हणाल्या, नाही रे भाऊ, तीनदाच भर, काम करताना हात भरलेले असतात, सारखं उठून मागे कोण घेईल. आता ते गाणं सगळ्यांना लावणीच्या ठसक्याचं म्हणून माहीत आहे, साडीला हात लावू नका म्हणते ती बाई, लग्नात-गॅदरिंगमध्ये पोरी त्यावर नाचतात. मावशींना त्यातलं नाचायचं काही नको होतं. त्यांना त्यातला कर्नाटकी कशिदा हवा होता. मला काही त्यातलं कळत नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी त्या एक रुमाल घेऊन आल्या, दुकानाच्या काउंटरवर पसरला आणि म्हणाल्या आता उलटा कर. मी उलटा केला. म्हणाल्या, आता सांग सुलटी बाजू कोणती. मला सांगता येईना. दोन्हीकडून अगदी सारखं, तेच मंदिर, तेच तोरण, कुठे गाठ नाही, लोंबणारा धागा नाही. कापडावर आधी पेन्सिलीने काही काढायचं नाही, नुसते कापडाचे धागे मोजत जायचं, एक धागा चुकला की पुढचं सगळं उसवायचं. म्हणाल्या, एवढी वर्षं मी हे करते, घरात म्हणतात ही बसली दोरे ओढत, आणि ह्या गाण्यात बघ, ती बाई तोऱ्यात सांगते की हा मी काढलाय, हात लावायचं काम नाही. कोणीतरी आमच्या कामाचं नाव बरोबर घेतलंय, नुसतं 'नक्षी' नाही म्हटलं.

त्या वाक्यासाठी मी हे सगळं सांगितलं. नुसतं नक्षी म्हटलं असतं तरी चाल तीच राहिली असती, गळा तोच राहिला असता, पोरी नाचल्याच असत्या. शनिपेठेतल्या मावशींपर्यंत मात्र ते गाणं पोचलं नसतं. शब्दाला अर्थ येतो तो असा, जिथे कवी कामाचं, वस्तूचं, जागेचं खरं नाव घेतो तिथे ते काम करणारा माणूस कान टवकारतो. अवघड शब्द, अलंकार, संस्कृत समास ह्याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि साधेपणाशीही नाही, कर्नाटकी कशिदा हा काय साधा शब्द आहे? पण तो नेमका आहे.

आणि आता गंमत नाही, खरंच मनापासून सांगतो, मावशींना जे माहीत नव्हतं आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं ते हे, की ते गाणं शांता शेळक्यांनी लिहिलंय. १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा'. संगीत आनंदघन, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, त्यांनी त्या नावाने चाली दिल्या. गायलंय आशा भोसल्यांनी. म्हणजे लिहिणारी बाई, चाल देणारी बाई, गाणारी बाई, आणि इकडे शनिपेठेत सुई हातात घेऊन ऐकणारी पण बाई. शांताबाईंनी तर काही गाणी 'वसंत अवसरे' अशा पुरुषाच्या नावानेही लिहिली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, दुकान बंद झाल्यावर. तेव्हा मावशी गेलेल्या होत्या. त्यांना सांगायला पाहिजे होतं की तुमच्या कामाचं नाव बरोबर घेणारी एक बाईच होती. मी सतरा वर्षं कॅसेटच्या पुठ्ठ्यावर माझ्या हाताने गाण्याची यादी लिहून देत होतो, गाणं आणि गायक, गाणं आणि गायक. एक कॉलम वाढवला असता तर शाईच गेली असती थोडी.

तुम्ही म्हणाल की शब्द नेमका असला पाहिजे म्हणता, मग ज्या गाण्याचा अर्थच कळत नाही ते का आवडतं. बरोबर आहे, माझ्याकडे असेही गिऱ्हाईक होते. एक रिटायर तलाठी दर आषाढीच्या आधी यायचे, त्यांच्या कॅसेटमध्ये पहिलं गाणं ठरलेलं, ज्ञानेश्वरांचं 'पांडुरंगकांती', आशाबाईंच्या आवाजातलं, हृदयनाथांची चाल. त्यात 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' येतं. मी एकदा त्यांना म्हटलं तात्या, विठ्ठल कर्नाटकातला होता का हो. ते खुर्चीच ओढून बसले. म्हणाले, मी पण पहिली वीस-पंचवीस वर्षं तसंच समजत होतो, मग एका कीर्तनकाराने सांगितलं की कानडा म्हणजे न कळणारा, अगम्य, आणि कर्नाटकु म्हणजे खेळ करणारा, नाटकी. तर काही लोक म्हणतात नाही, कर्नाटकातलाच. मी विचारलं, तुम्हाला कुठला बरोबर वाटतो. त्यावर ते काय म्हणाले ते मी विसरलेलो नाही, म्हणाले दोन्ही, अरे आपल्या माणसाची भाषा आपल्याला कळत नाही ह्याच्यापरीस अगम्य काय असतं. मग बराच वेळ गप्प बसले. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा बोलायचा बंद झाला होता त्यांच्याशी, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याच अभंगात पुढे आहे, 'शब्देंविण संवादु'. शब्दांशिवाय बोलणं. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाने विठ्ठलासाठी लिहिलेलं ते एका तलाठ्याच्या घरात कुठे जाऊन लागलं बघा. म्हणजे कळलेलं नव्हतं असं नाहीच, तात्यांना कळलेलं होतं, फक्त शब्दकोशातून कळलेलं नव्हतं.

म्हणून मला लेखातलं ते 'आताच्या पोरांना पारख नाही' हे वाक्य पटत नाही. जुनं सगळं सोनं होतं हे तर मी चिठ्ठ्या दाखवून खोडून काढू शकतो, त्या काळातही चंद्र-चांदणं-वारा-सजणी असं भरताड पुष्कळ यायचं, मी स्वतः भरून दिलंय, आज त्यातलं कुणाला काही आठवत नाही म्हणून आपल्याला वाटतं की तेव्हा सगळं चांगलंच होतं. चाळणीतून खाली गेलेलं दिसत नाही ना.

आणि नव्याचं म्हणाल तर, माझी नात चौदा वर्षांची आहे, ती दोन वर्षांपूर्वी दिवसभर 'गुलाबी साडी' लावायची. संजू राठोडचं, २०२४ चं. हा मुलगा आमच्या जळगाव जिल्ह्यातलाच, स्वतःच लिहितो, स्वतःच गातो. लेखात त्या प्रकारच्या गाण्यांना 'शब्दांचा उकिरडा' म्हटलंय, मला ते वाचून वाईट वाटलं. मीपण सुरुवातीला दरवाजा लावून घ्यायचो. पण एकदा दुपारी आमच्या सौ. भाजी निवडता निवडता थांबल्या आणि मला म्हणाल्या, ऐका, ती काय म्हणतेय, ती म्हणतेय मी छान दिसतेय, माझा फोटो काढ. आणि मग म्हणाल्या, आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, माझा एकटीचा फोटो किती आहेत घरात? मी कपाटातला अल्बम काढला. एक निघाला. तोही रेशनकार्डासाठी काढलेल्याची जास्तीची कॉपी. सणावाराला नवं नेसून ती किती वेळा दारात उभी राहिली असेल, मला कधी सुचलं नाही आणि तिने कधी तोंडाने मागितलं नाही, कारण आमच्या काळात बाईने असं मागायचं नसायचं. त्या गाण्यातली पोरगी सरळ मागते. आता तुम्ही सांगा की ह्यात अर्थ नाही. ते महान काव्य आहे असं मी म्हणत नाही, ते पन्नास वर्षं टिकेल का हे मला सांगता येणार नाही. पण साडी आहे, ओठांवर लाली आहे, फोटो आहे, कुणाकडे मागायचा तो माणूस आहे. चांदण्यात न्हाणाऱ्या सजणीपेक्षा मला ती जास्त ओळखीची वाटली.

आमच्या जिल्ह्याने हे आधी पाहिलंय. इथून दोन-तीन कोसांवर असोदं, बहिणाबाईंचं माहेर. बाई लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या, शेतात आणि घरात काम करता करता म्हणायच्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ते उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं, १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ ला, अत्र्यांनी ते उचलून धरलं. आज आमचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर', हे इतक्या वेळा ऐकलंय की आपण आता ऐकतच नाही, पण आधी हाताला चटके आणि मग भाकर हा क्रम ज्याने भाकरी थापलीय त्याला सांगावा लागत नाही. तेव्हाही तव्याला आणि भाकरीला काव्य न म्हणणारे असतीलच की. म्हणून मी नातीच्या गाण्याला नाक मुरडायचं सोडून दिलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, नावाच्या. हे मला कुणी शिकवलं ते सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

एप्रिल महिना आला की माझ्या दुकानात भीमगीतांची गर्दी व्हायची, १४ एप्रिलच्या आधी आठ-दहा दिवस मी रात्री दोन-दोनपर्यंत रेकॉर्डिंग करायचो. एक पंचविशीतला मुलगा नव्वदची कॅसेट भरून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, काका, हे परत करा, शेवटचं कडवं कापलंय. आता ह्याचं असं असतं की कॅसेटच्या सुरुवातीला पांढरी पट्टी असते, तिच्यावर आवाज उमटत नाही, तेवढी सोडून सुरुवात करावी लागते, नाहीतर पहिला शब्द जातो. आणि बाजू संपायला आली की शेवटचं गाणं बसतंय की नाही याचा अंदाज घ्यावा लागतो. नाही बसलं तर आम्ही सगळे एकच करायचो, आवाजाचं बटण हळूहळू कमी करत न्यायचं, गाणं जसं दूर जाऊन विझतं तसं वाटतं, गिऱ्हाईक काही म्हणत नाही. ह्या गाण्याचं शेवटचं कडवं मी तसंच विझवलं होतं. मी म्हटलं अरे धृपद झालंय, तीन कडवी झालीत, चौथं नसलं तर काय फरक पडतो. तो म्हणाला, "काका, त्याच्यात वामनचं नाव आहे."

मला कळलं नाही. मग त्याने मला उभ्या उभ्या सांगितलं की वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटी आपलं नाव गुंफतात, ते कापलं तर गाणं कुणाचंही होतं. उद्या कुणीही म्हणेल माझं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, लहानपणी अक्षरओळख नव्हती, मोठेपणी मुंबईत शिकला, आणि मग आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली, हजारोंनी. तो मुलगा म्हणाला, माझ्या वडलांना वाचता येत नाही, पण गाणं कुणाचं हे त्यांना शेवटच्या कडव्यावरून कळतं. मी एक शब्द बोललो नाही. बसून अख्खी बाजू पुन्हा भरली, आधीचं एक गाणं त्याला विचारून काढून टाकलं आणि वामनदादांचं पुरं घेतलं. पैसे घेतले नाहीत, तो देत होता.

त्या रात्री घरी जाऊन मी माझ्या स्वतःच्या आवडीच्या कॅसेटी लावून बसलो आणि पहिल्यांदा शेवटची कडवी ऐकली. तुका म्हणे. नामा म्हणे. एका जनार्दनी. बापरखुमादेवीवरु, ते ज्ञानेश्वरांचं. 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी आपण सगळे 'अमर भूपाळी'तली म्हणून, १९५१ च्या, ऐकतो, तिच्या शेवटी होनाजी बाळाचं नाव आहे. हे सगळं मला पाठ होतं हो, तरी ऐकलेलं नव्हतं. मला वाटायचं ती एक रीत आहे, संपलं हे सांगायची. ती सही आहे. ह्या लोकांना माहीत होतं की गाणं तोंडातोंडी जाणार, गाणारा बदलणार, चाल बदलणार, कागद काही बरोबर जाणार नाही, म्हणून त्यांनी नाव गाण्याच्या आतच शिवून टाकलं, मावशींच्या कशिद्यासारखं, उसवल्याशिवाय निघणार नाही असं. आमच्या बहिणाबाईंनीसुद्धा 'लेक बहिनाच्या मनी' म्हणून ठेवलंय. आणि 'अवघा रंग एक झाला' घ्या, सगळे म्हणतात किशोरीताईंचा अभंग, आणि किशोरीताईंनी तो गायलाय असा की दुसरं कुणाचं ऐकवत नाही, पण शेवटी काय येतं, 'म्हणे चोखियाची महारी'. सोयराबाई. तिने स्वतःचं नावही पुरतं घेतलं नाही, नवऱ्याचं घेऊन आपली ओळख सांगितली, तरी तेवढ्यावर ती आज सापडते.

मग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आल्या, सिनेमा आला, गाणी आखूड झाली आणि कवीचं नाव गाण्यातून बाहेर पडून रेकॉर्डच्या चकतीवर छापलं जाऊ लागलं. ठीक आहे, चकतीवर तरी होतं. आकाशवाणीवर निवेदक गाण्याच्या आधी तिन्ही नावं घ्यायचे, गीतकार, संगीतकार, गायक, आमच्या पिढीला ग. दि. माडगूळकर आणि पी. सावळाराम आणि जगदीश खेबुडकर ही नावं रेडिओमुळे माहीत, पुस्तकामुळे नाही. मग आम्ही कॅसेटवाल्यांनी ते पुठ्ठ्यावरून खाल्लं. आणि आता मोबाईलवर गाणं लावलं की मोठ्या अक्षरात गायक दिसतो, गीतकार शोधायला कुठेतरी आत दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि तिथेही पुष्कळदा रिकामं असतं नाहीतर चुकीचं असतं. २०१२ ला कॉपीराइटचा कायदा बदलला, गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला जो त्यांना लिहून देऊन टाकता येत नाही, चांगली गोष्ट झाली. पण गाणं कुणाचं हेच नीट नोंदलेलं नसेल तर तो पैसा जाणार कुणाच्या दारात?

हे आता मला इतकं का लागतंय ते सांगतो आणि थांबतो.

मागच्या पावसाळ्यात मी घरच्या जुन्या कॅसेटी मोबाईलवर घ्यायला काढल्या, बुरशी लागत होती. त्यात एक आईची निघाली. १९८६ ला मी हौसेने डेक घरी नेला होता, आई घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, डाळ भरडत होती आणि ओव्या म्हणत होती, मी माईक उशीवर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'आईच्या ओव्या, पारंपरिक'. एवढ्या वर्षांत पुरती कधी ऐकली नव्हती. रेकॉर्ड करताना माझं लक्ष मीटरच्या काट्यावर, घरोट्याच्या घरघरीने काटा सारखा लालमध्ये जात होता आणि मी बटणं फिरवत बसलो होतो. ह्या वेळी हेडफोन लावून ऐकली. बहुतेक ओव्या त्याच, भावाच्या, माहेराच्या, इठ्ठलाच्या, ज्या सगळ्या बायका म्हणायच्या. गी पोइतेव्हें आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आणि म्हणणारीचं नाव-गाव लावून नोंदवल्या, ते काम किती मोठं आहे हे मला आता कळतं. तर बाजू संपायच्या थोडं आधी आई एक क्षण थांबली, खुंटा धरलेला हात थांबल्याचं कळतं, घरघर बंद होते, आणि मग पुन्हा फिरवायला घेऊन म्हणाली,

घरोट बी फिरे बाई, टेप बी रे फिरे,
पीठ जातं पोटात, गानं मांगे उरे.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. टेप. पारंपरिक ओवीत टेप कुठून येणार? माझा डेक समोर होता, झाकणातून आतलं चाक फिरताना तिला दिसत होतं आणि तिचं घरोट पण फिरत होतं, तिने ते दोन्ही पाहिलं आणि तिथल्या तिथे बांधलं. मी दीड हातावर बसलो होतो आणि काटा बघत होतो. तिने मला कधी सांगितलं नाही की मी एक केली, मी कधी विचारलं नाही. त्या कॅसेटमधल्या आणखी किती तिच्या होत्या, आता कुणाला विचारू? गेली ती १९९८ ला. बाकीच्या पन्नास-साठ ओव्यांमध्ये टेपसारखा असा शब्द नाही की ज्याच्यावरून ओळखता येईल, आणि तिने नाव तर कशातच घातलं नाही.

फाईल सेव्ह करताना मोबाईलने विचारलं, आर्टिस्ट. एकच रकाना. त्यात मी तिचं नाव टाकलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि फाईलच्या नावातच पुढे लिहिलं, 'बांधणारी आणि म्हणणारी'. पुठ्ठ्यावरचा 'पारंपरिक' खोडला.

संपादक साहेब, तुमच्याकडे दर रविवारी गाण्यावर सदर असतं, दिवाळीत गाण्यांवरचे लेख असतात, शहरात कार्यक्रम झाला की बातमी येते की अमक्यांनी अमकी गाणी गाऊन रसिकांना मंत्रमुग्ध केलं. त्या प्रत्येक ठिकाणी गाण्याच्या नावापुढे गीतकाराचं नाव छापा एवढंच माझं मागणं आहे. दोन-तीन शब्द लागतात. जिथे नाव माहीत नसेल तिथे लगेच 'पारंपरिक' लिहू नका, 'नाव मिळालं नाही' असं लिहा, म्हणजे कुणातरी वाचकाला माहीत असलं तर तो कळवेल. आणि मागच्या रविवारच्या लेखातल्या अकरा गाण्यांपैकी नऊंची नावं मला माहीत आहेत, ती वेगळ्या कागदावर लिहून ह्या पत्रासोबत जोडली आहेत. उरलेल्या दोनांची मी शोधतोय, कुणा वाचकाकडे जुन्या रेकॉर्डी असतील तर चकती बघून सांगावं.

आपला,
एक जुना कॅसेटवाला, जळगाव